चुना गेला, शिरका उरला

भट्टी विझली तेव्हा सगळ्यात आधी झाडं हिरवी झाली.

त्याआधी त्या वस्तीतलं एखादं झाड हिरवं आहे असं कुणी शपथेवर सांगितलं नसतं. डोंगर फोडून दगड काढायचा, भट्टीत भाजायचा, भाजलेला दगड फोडायचा, चाळायचा, पोत्यांत भरायचा. या साऱ्यातून उडालेली पांढरी धूळ छपरांवर बसायची, पानांवर बसायची, झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर बसायची. काळं कुत्रं कोणतं आणि पांढरं कोणतं हे तिथे कुत्रं भिजल्यावरच कळायचं. पोरी कामाला लागल्या की विशीतच म्हाताऱ्या दिसायच्या, आणि संध्याकाळी कारखान्याच्या न्हाणीघरातून बाहेर पडल्या की पुन्हा पोरी व्हायच्या.

म्हाताऱ्यांच्या पोरी करण्याचं हे काम एका बाईकडे होतं. कारखान्याच्या लेखी ती न्हाणीवरची बाई. कामगार बायका तिला आंबटबाई म्हणत, कारण तिच्या पदराला, हातांना, तिने दिलेल्या चहाच्या कपालासुद्धा शिरक्याचा आंबट वास असे. पण एका माणसाची ती नुसती वहिनी होती. ही गोष्ट त्या नात्याची आहे, म्हणून इथेही तिला वहिनीच म्हणावं.

न्हाणीघर म्हणजे एक लांबट खोली. खाली दगडी फरशी, भिंतीला लागून बसायला ओटा, एका टोकाला पाण्याची टाकी आणि दुसऱ्या टोकाला शिरक्याचं लाकडी पिंप. पाळी सुटली की बायका रांगेने ओट्यावर बसत, आणि वहिनी हातात फणी घेऊन उभी राही. तिचा कायदा एकच होता, आणि तो मोडलेला तिला चालत नसे: आधी झटकायचं, मग विंचरायचं, मगच पाणी. भाजलेल्या चुन्याला थोडं पाणी लागलं की तो तापतो, हे दगड फोडणाऱ्या बाईला ठाऊक असतं, पण उन्हाने डोकं उकळत असताना आठवत नाही. नवी आलेली बाई हमखास हीच चूक करी. आत शिरायची, समोर पाणी दिसलं की तांब्याभर डोक्यावर ओतायची, आणि मग टाळूला विंचू चावल्यासारखी नाचायची. वहिनी तिची मानगूट धरून तिला सरळ टाकीच्या नळाखाली घाली आणि बजावी, की चुन्याला थोडं पाणी वैरी आणि पुष्कळ पाणी सोयरं.

पुष्कळ पाणी झालं की शिरक्याची पाळी. बाजारातला फळवाला डागाळलेली, पिचकी फळं तिला देई. ती पिंपात कुजत नसत, आंबत असत. या दोन गोष्टींतला फरक वहिनीला नाकाने कळे. पिंपात वर एक जाड, लवलवती साय धरे. ती साय तिला आधीच्या न्हाणीवाल्या म्हातारीने दिली होती, आणि विरजण जपावं तशी वहिनी ती जपत आली होती. शिरक्यात पाणी किती घालायचं याला माप नव्हतं. बोट बुडवून जिभेला लावायचं. जीभ चुरचुरली पाहिजे, डोळा मिटता कामा नये. ते पाणी डोक्यावर गेलं की चुन्याने खरबरीत झालेला केस बोटांखाली एकदम गुळगुळीत होई. जणू रुसलेलं पोर कुशीत आलं.

आणि शेवटी जवसाचा चीक. जवस उकळायचा, गरम आहे तोवरच फडक्यातून गाळायचा, त्यात थोडं ग्लिसरीन. ते दवाखान्यातला कंपाउंडर देई आणि दर वेळी म्हणे, की बाई, आपल्याकडचं ग्लिसरीन घशांपेक्षा केसच जास्त पितात. ओल्या केसांच्या टोकांना हा चीक चोळला की आतला ओलावा आतच राही. शिरक्याने केस नुसता स्वच्छ होतो, असं वहिनीचं मत. अंगरखा त्याला चीकच घालतो. कोरडा केस भुकेला नसतो, तहानलेला असतो, आणि तहानलेल्याला तेलाच्या घागरी देऊन काय उपयोग?

हे सारं ती लग्न होऊन आली त्याच वर्षी शिकली. नवरा भट्टीवर जाळ घालणारा, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी, पण मनाचा मऊ. घरात सासू नव्हती. ती आदल्याच वर्षी गेली होती. होती ती नणंद, दहा वर्षांची. आणि नणंदेपेक्षा मोठा तिचा शेपटा. कमरेच्या खाली जाणारी, मनगटाएवढी जाड वेणी. तिचा दादा तिला शेपटी म्हणे. कारखान्याची धूळ घरापर्यंत पोचत असे, पण त्या केसांवर तिने कधी ठाण मांडलं नाही, कारण सासू रोज ओल्या फडक्याने ते पुसून मग विंचरायची. सासू गेल्यावर पोर ते फडकं स्वतःच फिरवी, कुणालाही केसांना हात लावू दिला नव्हता. नवी वहिनी घरात आली तेव्हा पोर कोपऱ्यात बसली होती, वेणी खांद्यावरून पुढे ओढून, दोन्ही हातांनी धरून. जणू कुणी ती पळवणार होतं.

वहिनीने घाई केली नाही. तिने पहिल्यांदा आपले केस पोरीपुढे सोडले आणि म्हणाली, की माझ्या मागच्या बाजूला गुंता झालाय, हात पोचत नाही. पोरीने नाक मुरडत तो सोडवला. मग रोज सोडवू लागली. मग एकदा आपणच पाठ करून बसली. वहिनीने फणी उचलली. त्या वेळी भिंतीवरच्या आरशात दोघींची तोंडं एकावर एक दिसत होती, खाली पोरीचं, वर वहिनीचं, आणि दारात उभा राहिलेला दादा पहिल्यांदा हसला होता. पुढे कितीतरी वर्षं वहिनीला तो आरसा आठवला की बाकी सगळं धूसर व्हायचं.

मग शाळेत फोटो काढणारा यायचा होता. वर्गाचा एकत्र फोटो, आणि पोरगी पहिल्या रांगेत. आदल्या दिवशी ती म्हणाली, की तू कामावरच्या बायकांचं करतेस तसं माझंही कर. वहिनीचा ऊर भरून आला. साऱ्या बायका ज्या पाण्यासाठी तिचे गोडवे गात ते पाणी घरच्या लेकराला मिळालं नव्हतं. तिने पिंपातला वरचा, चांगला शिरका आणला. नेहमीसारखं पाणी घालून जिभेवर चाखला. जीभ चुरचुरली, डोळा मिटला नाही. अगदी बरोबर. तो तिने सढळ हाताने त्या शेपट्यावर ओतला, मुरू दिला, पुन्हा ओतला. कामावरच्या बायकांना मिळायचा त्याहून दुप्पट. प्रेमात हात आखडता घेतात का कुणी?

सकाळी केस वाळले ते काथ्यासारखे. फणी शिरेना. टाळू लाल झाली होती, पोरगी खाजवून खाजवून रडत होती. तेल लावलं, चीक लावला, पाण्यात भिजवून ठेवले. केस एकमेकांत गुंतून बसले ते सुटेचनात, ओढले की तुटत. शेवटी दादाने कात्री घेतली. शेपटा खांद्याशी कापावा लागला. फोटोत पोरगी आहे, पहिल्या रांगेत, ओठ घट्ट मिटून.

शाळेतून आली तेव्हा तिने दप्तर खाली ठेवलं आणि वहिनीकडे न बघता म्हणाली, “तुला बघवत नव्हते माझे केस.”

वहिनीने उरलेला शिरका पुन्हा चाखून पाहिला. तेच पाणी, तीच जीभ, तोच हात. आदल्याच संध्याकाळी सगळ्या बायका त्याच पिंपातल्या पाण्याने मऊ केस घेऊन घरी गेल्या होत्या. दादा मध्ये पडला, पोरीला रागावला, पण रागावून कुठे कुणाचा संशय जातो? पोरीने पुन्हा वेणी घालून घेतली नाही. आपले केस आपण विंचरू लागली.

बाकी सगळं सुरळीत चाललं. नणंद वहिनीच्या हातचं जेवली, वहिनीची लुगडी नेसून आरशापुढे मिरवली, परीक्षा पास झाली की आधी वहिनीला सांगायला आली. भांडली, हसली, आजारी पडली तर वहिनीच्याच मांडीवर झोपली. पण डोक्याला हात लागला की मान बाजूला. पुढे ती शहरात केस कापायला शिकली, दुसऱ्याच्या दुकानात राबली, मग तिचं स्वतःचं दुकान झालं. तेव्हा वहिनीचा दीर लागत असलेला एक जण म्हणाला, की वहिनीने एक शेपटा कापवला आणि नणंदेने गावभरचे कापले. सगळे हसले. नणंदही हसली. वहिनी चहा करायला आत गेली.

सणासमारंभाला नणंद येई तेव्हा घरातल्या प्रत्येकीचे केस करून देई. वहिनी एकदा थट्टेत म्हणाली, की आता माझी पाळी, आणि मग तुझी मी करते. नणंद फणी पुसत म्हणाली, “वहिनी, डोकं सोडून काय हवं ते माग.” दोघींनी ते हसण्यावारी नेलं. दादा गेला त्या दिवशी नणंद वहिनीला धरून बसली होती. वहिनीचा हात सहज तिच्या डोक्यावर गेला, आणि त्या रडण्यातही नणंदेची मान किंचित बाजूला झाली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या मात्र आलं.

आणि मग भट्टी विझली. डोंगरात कामाचा दगड उरला नाही असं साहेब म्हणाले. वारा आला, पाऊस आला, छपरं धुतली गेली, पानं हिरवी झाली. बायका कामाला इकडेतिकडे लागल्या, पण सवय कुठे सुटते? सुट्टीच्या दिवशी त्या न्हाणीघरात येत राहिल्या. वहिनीकडे किल्ली होती, पिंप होतं, आणि करायला दुसरं काही नव्हतं. गप्पा व्हायच्या, कुणाची सून कशी निघाली हे कळायचं, आणि डोक्यावर शिरक्याचं पाणी पडायचं.

पण काही दिवसांनी कुरबुर सुरू झाली. कुणी म्हणे टाळू खाजते. कुणी म्हणे केस पेंढ्यासारखे झाले, वय झालं आता. कुणी पाण्याला बोल लावला. चाळणीवर काम केलेली एक फटकळ बाई होती, तिने सरळ सांगितलं, “आंबटबाई, तुझा शिरका बिघडलाय.” वहिनीला ते झोंबलं. तिने पिंपावर वाकून सायीचा वास घेतला, बोट चाखलं. काही बिघडलं नव्हतं. मग घरी जाऊन तिने स्वतःच्या केसांत फणी घातली, आणि ती मध्येच अडकली.

तिने हाताने केस चाचपले. खरबरीत, ताठ, टोकांशी तुटणारे. डोळे मिटले असते तरी तिला कळलं असतं. तिच्या बोटांना हा स्पर्श ठाऊक होता. तो एकदाच लागला होता, फोटोच्या दिवशी सकाळी.

वहिनी खाटेवर बसली ती बराच वेळ उठली नाही. मग उठली आणि तिने एक अजब काम केलं. केसांचा मधोमध भांग पाडला. डाव्या बाजूला नेहमीचं पाणी घातलं, उजव्या बाजूला अगदी पातळ, जिभेला जेमतेम कळेल इतकंच. पुढल्या न्हाण्यालाही तसंच. कंपाउंडर रस्त्यात भेटला, त्याने विचारलं, की बाई, अर्ध्या डोक्याने भांडण केलंय का? ती म्हणाली, की भांडण जुनंच आहे, आता कुठे निकाल लागतोय. थोड्याच दिवसांत निकाल लागला. डावी बाजू काथ्या, उजवी बाजू रेशीम.

एवढी साधी गोष्ट तिला आयुष्यभर दिसली नव्हती. तिने कधी नुसत्या केसावर शिरका घातलाच नव्हता. ती घालत होती तो चुन्यावर. विंचरून, धुऊनही केसात चुना उरायचा, तो शिरक्याचा सगळा दात मोडून टाकायचा, आणि उरलेलं मवाळ पाणी केसाला पोचायचं. बायका चुना घेऊन यायच्या म्हणून तिचं औषध हे औषध होतं. शाळेतून आलेल्या पोरीच्या डोक्यात चुना नव्हता. तिथे शिरक्याला खायला केसच होते.

आता वहिनीला एकच घाई झाली. कारखान्याच्या खोल्या रिकाम्या करायचा हुकूम आला होता. वहिनीचा मुलगा नोकरीला परगावी होता, त्याच्याकडे जायचं ठरलं होतं, लांब, नणंदेच्या शहरापासून पार दुसऱ्या टोकाला. सामान बांधायला नणंद येणार होती. वहिनीला तिला हे सांगायचं होतं, आणि एकदा, जायच्या आधी, ते डोकं हातात घ्यायचं होतं. मागून मिळणारी ही गोष्ट नव्हती. आणि आपण सांगितलं की नणंद काय म्हणेल? इतक्या वर्षांनी चुन्याच्या नावावर बिल फाडतेस, असंच म्हणेल. वहिनीनेही तिच्या जागी तेच म्हटलं असतं.

नणंद आली. डोक्याला रुमाल बांधलेला, घट्ट, मानेवर गाठ. वहिनीने विचारलं, की धूळ तर गेली, आता रुमाल कशाला? नणंद म्हणाली, की फॅशन आहे. भांडी कागदात गुंडाळली गेली, अंथरुणं बांधली गेली, दादाचा कोट दोघींनी एकदा हातात घेऊन पुन्हा घडी करून ठेवला. दुपारी पाणी प्यायला बसल्या तेव्हा रुमाल जरा सरकला आणि वहिनीला कानामागचे केस दिसले. तांबूस, विरळ, जळक्या टोकांचे. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना दाखवायला प्रत्येक नवा रंग स्वतःच्या डोक्यावर, गरम हवेचं यंत्र रोज. लोहाराच्या घरी विळ्याला धार नसते, तसं झालं होतं.

वहिनीने तांब्या खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. चाळणीवरच्या बाईपासून केली, म्हणजे थोडी थट्टा होईल, मग अर्धं डोकं, कंपाउंडर, मग चुना. फोटोचा दिवस आला तेव्हा आवाज बारीक झाला. नणंद ऐकत होती. वहिनीचं संपलं तेव्हा ती जमिनीवरची दोरी बोटाला गुंडाळत होती.

“मला माहीत आहे,” नणंद म्हणाली. “शिकायला लागले तेव्हाच कळलं. पहिल्याच वर्षी. व्हिनेगर किती पातळ करायचं ते शिकवलं आणि मी तिथेच उभी राहिले. तू कडक केलं होतंस, एवढंच होतं ते.”

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग बोलली का नाहीस, बये? इतकी वर्षं?”

“काय बोलणार? डोकं पुढे केलं असतं तर फोटोच्या दिवशी बोलले तो शब्द मागे घ्यावा लागला असता. आणि घ्यायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, कुठला शब्द, मला आठवत नाही.”

हे मात्र खरं होतं. वहिनीने तसंच म्हटलं असतं. शब्द न् शब्द आठवत असून म्हटलं असतं. दोघी एकमेकींच्या लाजेखातर एवढी वर्षं तोंड मिटून बसल्या होत्या, एक फोटोतल्यासारखी, एक चुलीपाशी.

बाहेर त्या हिरव्या झाडावर पाखरं भांडत होती. मग नणंदेने मानेवरची गाठ सोडली, रुमालाची नीट घडी केली आणि मांडीवर ठेवली. म्हणाली, की किल्ली अजून तुझ्याकडेच आहे ना?

न्हाणीघर थंड होतं. टाकीत पाणी तळाशी होतं, पण दोघींपुरतं पुष्कळ. ओट्याच्या कडेला बायकांच्या बसण्याने दगड गुळगुळीत झाला होता. नणंद तिथे बसली, पाठ करून. वहिनीने सवयीने आधी झटकलं, मग विंचरलं, आणि चुना नाही हे ध्यानात आल्यावर स्वतःशीच हसली. टोकांकडून वर, एकेक गुंता. मग पिंपापाशी जाऊन शिरक्यात पाणी घातलं. बोट बुडवलं, जिभेला लावलं, थांबली. तांब्या तिने नणंदेपुढे धरला. आता या जिभेवर तिचा एकटीचा भरवसा नव्हता.

नणंदेने बोट चाखलं. “अजून पाणी घाल.”

वहिनीने घातलं.

“अजून.”

“आता नुसतं पाणीच राहील, नणंदबाई.”

“राहू दे. रंगाचे केस आहेत, त्यांना एवढंच झेपतं. आणि मुरवत बसू नकोस. घातलं, की लगेच धुऊन टाक.”

वहिनीने मुकाट्याने ऐकलं. न्हाणीवाल्या म्हातारीनंतर पहिल्यांदा तिला कुणी तिच्या कामात शिकवलं, आणि तिला ते गोड लागलं. पाणी डोक्यावरून ओघळलं, मानेवरून खाली गेलं, नणंदेच्या खांद्यावर काटा आला. पण मान जागची हलली नाही. वहिनीने हात तसाच टाळूवर राहू दिला, अंमळ जास्तच वेळ. मग बरणीतला चीक घेतला आणि टोकं एकेक करून चोळली. तळहाताला केस खरबरीत लागत होते. हळूहळू कमी खरबरीत लागू लागले. एका न्हाण्याने काही रेशीम होत नाही. तिने सांगितलं, की आठवड्याला एकदा, पातळ, आणि ते गरम हवेचं भूत बंद. नणंदेने सांगितलं, की थोडी साय बरणीत घालून मला दे, दुकानात ठेवीन. वहिनी म्हणाली, की तुझ्या गिऱ्हाइकांना वास येईल. नणंद म्हणाली, की येऊ दे, त्यांनाही कळू दे मी कुणाच्या घरची.

केस अर्धवट वाळले तेव्हा वहिनीने त्यांचे तीन पेड केले. वेणी झाली ती बोटभर, उंदराच्या शेपटीएवढी. तिला बांधायला दोरा जास्त आणि केस कमी. दोघी हसल्या, आणि त्या रिकाम्या खोलीत हसणं घुमलं, जसं पाळी सुटल्यावर घुमायचं.

नणंद उठली. जुन्या सवयीने तिचा हात खांद्याकडे गेला, वेणी पुढे ओढायला. वेणी तिथवर पोचत नव्हती. हात क्षणभर तिथेच थांबला, आणि मग तिने ती मागेच राहू दिली.